उपजीविका आणि आत्मनिष्ठा

(नभोवाणीवरील भाषण)



मनुष्याच्या जागृत आयुष्याचा सर्वांत मोठा वांटा कोणत्या गोष्टींत खर्च होतो, असें कोणी विचारलें, तर पूजाअर्चा, वाचन किंवा मुलाबाळांचा सहवास असें उत्तर आपल्याला देतां येणार नाहीं. नोकरीधंदा हेंच उत्तर द्यावें लागेल. सकाळीं घराबाहेर पडलेलें माणूस, मग तो पुरुष असो वा स्त्री, दिवसाचे उत्तम प्रहर दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला वाहून सायंकाळीं घरीं परततें. असें असूनहि नीतीचा विचार आपण करतों तो बहुधा घरापुरता आणि देवळापुरताच. कचेरीच्या दाराशीं छत्री ठेवावी त्याप्रमाणें आपला विवेक बाहेरच्या कोपऱ्यांत उभा करून ठेवावा आणि परत जातांना आठवणीनें उचलून न्यावा, अशी पुष्कळांची रीत असते. अशीं कांहीं वर्षें गेलीं म्हणजे एखाद्या सायंकाळीं ती छत्री तेथेंच राहून जाते, आणि ती राहिली हेंहि पुढें ध्यानांत येत नाहीं.

प्रसंग तरी किती साधे असतात! कारकुनाला मागील तारीख घालून कागद तयार करावयास सांगतात. शिक्षकाला एका विशिष्ट मुलाचे गुण थोडे वाढवावयास सुचविलें जातें. दुकानांतील विक्रेत्याला जो माल हलका आहे असें ठाऊक असतें, त्याचीच गिऱ्हाइकापुढें वाखाणणी करावी लागते. यांपैकीं कोणत्याहि प्रसंगीं ढोल वाजत नाहींत, कीं कोणी तरवार उपसून उभें राहत नाहीं. वरिष्ठ हंसत हंसत दोन शब्द बोलतात, आणि आपल्याला घरभाडें, मुलांची फी व म्हाताऱ्या आईचें औषध आठवतें. अशा वेळीं स्वतःशीं प्रामाणिक राहावें म्हणजे नेमकें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. आत्मनिष्ठा म्हणजे तापटपणा नव्हे. जो मनुष्य प्रत्येक सूचनेंत आपला अपमान पाहतो आणि दर दोन वर्षांनीं राजीनामा फेंकून नव्या जागेचा शोध घेतो, तो स्वतःशीं एकनिष्ठ असेल किंवा केवळ आपल्या रागाशीं एकनिष्ठ असेल. बाहेरून हा भेद दिसत नाहीं. शिवाय, राजीनामा हें आत्मनिष्ठेचें एकच रूप आहे असेंहि नाहीं. एखादी जागा सोडण्यानें ती राखली जाते, एखादी जागा न सोडण्यानेंहि राखली जाते. व्याख्येपेक्षां उदाहरणानें हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. म्हणून एकाच शहरांतील, एकाच संस्थेंत काम केलेल्या तीन माणसांकडे पाहूं. तीं तिघेंहि आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु आपण त्यांना देशभक्त आणि सुधारक म्हणून ओळखतों, महिन्याच्या पगारावर काम करणारे अध्यापक म्हणून क्वचितच पाहतों.

पुण्यांत जानेवारी १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले होते, आणि बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे तरुण सहकारी होते. टिळकांचे महाविद्यालयांतील मित्र गोपाळ गणेश आगरकर हेहि आपला अभ्यासक्रम पुरा होतांच त्यांना येऊन मिळाले. पुढील वर्षीं, म्हणजे १८८१ च्या जानेवारींत, 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें सुरू झालीं. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. या संस्थेचा पाया असा होता कीं, तिच्या आजीव सभासदांनीं वीस वर्षें सेवा करण्याची प्रतिज्ञा करावी आणि वेतन बेताचें घ्यावें. तें महिना ७५ रुपयांच्या आसपास असे. त्याच विद्वत्तेला सरकारी खात्यांत याच्या कित्येक पट मोल होतें.

आगरकरांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं अत्यंत गरीब घरांत झाला. मुलगा शिकेल, मोठ्या पगारावर जाईल आणि घराचे दिवस पालटतील, ही आईची आशा स्वाभाविक होती. एम. ए. चा अभ्यास चालूं असतांना त्यांनीं आईला पत्र लिहिलें आणि मोठ्या पगाराच्या नोकरीची अपेक्षा धरूं नये, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून उरलेला वेळ आपण लोकांच्या हितासाठीं घालविणार आहों, असें तिला कळविलें. हें पत्र त्याग म्हणून नेहमीं वाखाणलें जातें. मला त्यांत त्यागाइतकाच व्यवहारहि दिसतो. ज्याला पुढें स्वतंत्रपणें बोलावयाचें आहे, त्यानें आपला खर्च आधींच इतका लहान करून ठेवला पाहिजे कीं, धमकी देणाऱ्याला पकडावयास फारसें कांहीं सांपडूं नये. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या माणसाला या निर्णयाची झळ लागणार, त्या माणसाला तो निर्णय आगरकरांनीं आधीं सांगितला. घरच्यांना अंधारांत ठेवून कोणी तत्त्वनिष्ठ होऊं लागला, तर त्याच्या तत्त्वांचें देणें दुसरेंच कोणी फेडीत राहतें.

'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणांतील लेखांमुळें १८८२ मध्यें टिळकांना आणि त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगांत दोघांनीं १०१ दिवस काढले. एका कोठडींत दिवस काढलेल्या माणसांचा स्नेह किती घट्ट असेल, हें निराळें सांगावयास नको. तरीहि पुढील पांच वर्षांत दोघांच्या मतांची तफावत वाढत गेली. सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय, बालविवाहासारख्या प्रश्नांत सरकारनें कायदा करावा कीं नाहीं, हे वादाचे विषय होते. १८८७ मध्यें आगरकरांनीं 'केसरी'चें संपादकत्व सोडलें.

येथें क्षणभर थांबून त्यांच्या अडचणीचें स्वरूप पाहूं, कारण ती अडचण आजहि घरोघर भेटते. 'केसरी' हें एकट्या आगरकरांचें पत्र नव्हतें. तें मंडळीचें होतें, आणि संपादकाची लेखणी त्या मंडळीच्या नांवानें चालत असे. अशा स्थितींत संपादकापुढें तीन मार्ग असतात. स्वतःला न पटणारें लिहावें. अथवा मंडळीला न पटणारें मत मंडळीच्या नांवावर खपवावें. अथवा जागा सोडावी. पहिल्या मार्गांत स्वतःची फसवणूक आहे, हें कोणालाहि समजतें. दुसऱ्या मार्गांत सहकाऱ्यांची फसवणूक आहे, हें मात्र पुष्कळ तत्त्वनिष्ठ माणसांच्याहि ध्यानांत येत नाहीं. माझें मत खरें आहे, तेव्हां तें कोणाच्या शाईनें छापलें गेलें याला महत्त्व नाहीं, असें त्यांना वाटतें. आगरकरांनीं तिसरा मार्ग धरला आणि ऑक्टोबर १८८८ मध्यें स्वतःचें 'सुधारक' पत्र काढलें. त्याच्या इंग्रजी बाजूचें काम गोपाळ कृष्ण गोखले पाहत असत. आतां आगरकरांच्या मतांची जोखीम आगरकरांच्याच शिरावर होती.

त्यांनीं काय सोडलें याबरोबर काय सोडलें नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. ज्या शाळाकॉलेजांत त्यांचे विरोधक सहकारी म्हणून रोज भेटत, तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ज्या वर्षीं 'सुधारक' निघालें, त्याच वर्षीं त्यांचें 'वाक्यमीमांसा' हें मराठी वाक्यांच्या पृथक्करणावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. एकीकडे सनातन्यांशीं घनघोर वाद आणि दुसरीकडे कर्ता, कर्म व क्रियापद यांची शांत फोड! मतासाठीं लढणारा मनुष्य आपल्या नेमलेल्या कामांत कसूर करूं लागला, तर त्याच्या विरोधकांना मोठीच सोय होते. आगरकरांनीं ती सोय करून दिली नाहीं. १८९२ मध्यें प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले, तेव्हां कॉलेजचें प्राचार्यपद आगरकरांकडे आलें. त्याच पुण्यांत विरोधकांनीं ते जिवंत असतांना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. दम्यानें जर्जर झालेला हा मनुष्य १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारला, तोंवर त्याचें शिकविणें आणि लिहिणें चालूंच होतें.

आतां दुसरा अध्यापक. टिळक फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. आजीव सभासदानें आपला सर्व वेळ आणि सर्व शक्ति संस्थेला द्यावी, बाहेरच्या कामाच्या आणि मिळकतीच्या वाटा मोकळ्या ठेवूं नयेत, अशी त्यांची भूमिका होती. ज्या निःस्वार्थ प्रतिज्ञेवर संस्था उभी आहे, ती एकदां सैल केली म्हणजे संस्था इतर शाळांसारखीच एक शाळा होईल, असें त्यांना वाटे. बहुसंख्य सभासदांना हा निर्बंध फार कडक वाटला. मतभेद विकोपाला गेले आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनीं आपल्या कारणांची विस्तृत मांडणी करून राजीनामा दिला. जी संस्था त्यांनीं स्वतःच्या हातांनीं उभारली होती, तिच्यांतून ते बाहेर पडले आणि उपजीविकेसाठीं कायद्याचे वर्ग चालवूं लागले.

यांत कोणाची बाजू बरोबर होती, हा निवाडा मी येथें करीत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें निराळें आहे. एकाच संस्थेंतील दोन मित्र, दोघेहि निर्लोभ आणि दोघेहि सत्यप्रिय. दोघेहि स्वतःशीं प्रामाणिक राहिले, आणि नेमके त्यामुळेंच एकमेकांपासून दुरावले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं तर त्यांच्या लेखण्या एकमेकांवर तुटून पडल्या. यावरून एक नम्र धडा घेण्यासारखा आहे. मी माझ्या मनाशीं प्रामाणिक आहें, एवढ्यावरून माझें मत खरें ठरत नाहीं. आत्मनिष्ठा ही सचोटीची ग्वाही आहे. अचूकपणाची ग्वाही ती देऊं शकत नाहीं. हें ज्याला उमगलें, तो आपल्या मतावर ठाम राहतो आणि समोरच्या माणसाला लबाड म्हणण्याची घाई करीत नाहीं. आगरकर वारल्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहावयास टिळकच बसले, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरा अध्यापक याच मालिकेंतून पुढें येतो. टिळकांच्या जाण्यानें गणिताच्या अध्यापकाची उणीव पडली, आणि १८९१ मध्यें त्या कामासाठीं मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावण्यांत आलें. कर्वे बोलण्यांत संकोची होते. त्यांच्यापाशीं आगरकरांची धारदार लेखणी नव्हती कीं टिळकांचें नेतृत्व नव्हतें. त्यांची पहिली पत्नी वारली होती. विधुरानें कुमारिकेशीं लग्न करावें, ही त्या काळची सरसकट रीत होती. विधवाविवाह योग्य आहे असें ज्याचें मत, त्यानें स्वतःवर वेळ आली असतां दुसरें कांहीं करूं नये, एवढा साधा विचार त्यांनीं केला आणि मार्च १८९३ मध्यें पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. मुरूडला, त्यांच्या गांवीं, त्यांच्यावर बहिष्कार पडला. कर्व्यांनीं त्यावर आकांडतांडव केलें नाहीं.

१८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. पुढें हिंगण्याला माळावर एक झोंपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजांत गणित शिकवावें आणि सायंकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास पायीं जावें, असा त्यांचा नेम असे. येथेंहि एक सूक्ष्म गोष्ट आहे. आश्रमाचें ध्येय विधवांचें शिक्षण हें होतें. कर्वे स्वतः पुनर्विवाहित असूनहि, आश्रमाच्या कामांत पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनीं मिसळूं दिला नाहीं. कारण ज्या पालकांनीं विश्वासानें मुली पाठविल्या, त्यांच्याशीं तो विश्वासघात झाला असता. कांहीं सुधारकांनीं त्यांना भित्रे म्हटलें. पण संस्थेचा शब्द आणि स्वतःचें मत यांमधील जी सीमारेषा आगरकरांनीं पत्र सोडून पाळली, तीच कर्व्यांनीं संस्था चालवून पाळली. १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्यें शिकवीत होते, आणि १९१६ मध्यें त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें.

एकानें पत्र सोडलें आणि कॉलेज राखलें, दुसऱ्यानें कॉलेज सोडून पत्र चालविलें, तिसऱ्यानें कॉलेजांतच राहून त्याच्या शेजारीं आपलें काम उभें केलें. तिन्ही मार्ग परस्परांहून भिन्न आहेत आणि तिन्ही खरे आहेत. यावरून, 'अशा वेळीं जागा सोडावी कीं राहावें?' या प्रश्नाला एकच ठराविक उत्तर नाहीं, हें उघड होईल.

परंतु या कथांची गोडी चाखून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, आत्मनिष्ठेला शेवटीं मानसन्मानाचें फळ येतेंच. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ मध्यें, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे हेहि गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार त्यांनीं मुंबईंत १९२१ पासून चालविला होता. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेंच पडला, तेव्हां १९२५ मध्यें त्यांनीं विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक काढलें आणि १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षें, तें चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यांत बॅरिस्टर भीमराव आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरीहि दंड टळला नाहीं. कुटुंबाचा आकार विचारपूर्वक ठरवावा, हें त्यांचें म्हणणें स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५२ पासून धोरण म्हणून स्वीकारलें. पण त्यामुळें गेलेली नोकरी परत येत नाहीं. पित्याच्या वांट्याला किताब आला, पुत्राच्या वांट्याला दंड. निष्ठेंत मात्र पुत्र उणा नव्हता. म्हणून फळाकडे पाहून हा मार्ग धरणाऱ्यानें तो न धरलेलाच बरा.

आतां आपल्यासारख्या सामान्य माणसांनीं यांतून काय घ्यावें? मला असें वाटतें कीं, कामाच्या जागीं मनाला टोंचणाऱ्या गोष्टींचे तीन वर्ग पाडावेत. कांहीं गोष्टी केवळ आवडीनिवडीच्या असतात. वरिष्ठांची बोलण्याची तऱ्हा, कामाची कंटाळवाणी पद्धत, एखाद्या बैठकींतील व्यर्थ गेलेला वेळ, या गोष्टी सोसाव्यात. त्यांना तत्त्वाचा मान देऊं नये. कांहीं गोष्टी मतभेदाच्या असतात. एखादें धोरण आपल्याला चुकीचें वाटतें, परंतु विचार करणारा दुसरा मनुष्य तें बरोबर मानूं शकतो. अशा वेळीं आपलें मत योग्य ठिकाणीं स्पष्टपणें, शक्य तर लेखी मांडावें आणि नंतर एक तर ठरलेलें काम मनापासून करावें किंवा बाजूला व्हावें. तोंडानें होकार आणि हातानें अडवणूक, हें दोहोंपैकीं कोणतेंच नव्हे. तिसरा वर्ग असत्याचा आणि अपायाचा आहे. खोटा कागद, भेसळीचा माल, निरपराध माणसावर ढकललेला दोष. येथें मतभेदाला जागाच नाहीं; येथें नकार द्यावा. तो सौम्य शब्दांत दिला तरी चालतो, त्याचें कारण चारचौघांत सांगितलें नाहीं तरी चालतें, पण तो नकारच असला पाहिजे.

हा नकार देण्याचें सामर्थ्य आयत्या वेळीं कोठून आणावयाचें? त्याची तयारी संसाराच्या हिशेबाच्या वहींत करावी लागते. आज हप्त्यांवर घर मिळतें, मोटार मिळते, समारंभहि साजरे करतां येतात. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु जो पगार हातीं येण्यापूर्वींच संपलेला असतो, त्या पगाराबरोबर आपला नकारहि गहाण पडलेला असतो, एवढें ध्यानांत असावें. कांहीं महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ही केवळ आजारपणाची तरतूद नव्हे. ती मनुष्याच्या शब्दाला पाठबळ देणारी ठेव आहे. ही शिल्लक घरांतील सर्वांच्या संमतीनें आणि समजुतीनें टाकलेली असावी, म्हणजे प्रसंग आला असतां पतीचा किंवा पत्नीचा निर्णय दुसऱ्यावर वीज कोसळावी तसा कोसळणार नाहीं. ज्यांच्या मिळकतींत शिल्लक पडणेंच शक्य नाहीं, त्यांना दोष देण्याचा अधिकार मात्र कोणालाहि नाहीं. त्यांच्यावर तसा प्रसंग आणणाराच खरा दोषी.

राहतां राहिला एक प्रश्न. हा विवेक बोलतो आहे कीं अहंकार, हें कसें ओळखावें? एक कसोटी उपयोगी पडते. आपण जें करणार आहों तें कधींच कोणाला कळणार नाहीं, त्याबद्दल कोणी शाबासकी देणार नाहीं, असें समजून पाहावें. तरीहि तें करावेंसें वाटलें, तर तो विवेक समजावा. आणि ऐकणारे नाहींत असें म्हणतांच उत्साह ओसरला, तर एक रात्र थांबावें.

मोठे प्रसंग आयुष्यांत थोडेच येतात. ते येतात तेव्हां मनुष्य नव्यानें कांहीं ठरवितो, असें आपल्याला वाटतें. वस्तुतः त्या दिवशीं तो पूर्वींच्या शेंकडों लहान दिवसांची केवळ बेरीज करीत असतो. न वाढविलेले गुण, न बदललेली तारीख, गिऱ्हाइकाला सांगितलेला मालाचा खरा दर्जा, यांची कोठें नोंद होत नाहीं. परंतु सायंकाळीं घरीं परतणारें माणूस सकाळीं निघालेलेंच माणूस आहे कीं नाहीं, हें त्यांवरूनच ठरतें.